संशय आणि पुरावा



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअरमधल्या संधी’ हा विषय सुचवला होता. पण त्या संधी आपल्या मुलांना माझ्याहून जास्त माहीत आहेत. म्हणून विषय बदलून घेतला. गेली काही वर्षं नोकरी सांभाळून मी रहस्यकथा लिहायला शिकतेय, त्याविषयी बोलते.

रहस्यकथा मराठीला नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही त्यांचीच माणसं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे तर आपल्यातल्या पुष्कळांचा लहानपणचा सोबती. वाचणाऱ्याला वाटतं, लेखक शेवटपर्यंत काहीतरी लपवतोय. लिहिणाऱ्याचं काम नेमकं उलट असतं. सगळं वाचकासमोर ठेवायचं, आणि तरी त्याची नजर त्यावरून सरकून जायला हवी.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकालाही लगेच कळला पाहिजे, आणि भुताखेतांची मदत घ्यायची नाही. हा शेवटचा नियम कोकणात पाळणं कठीण! आपल्याकडे प्रत्येक वळणावर चकवा आणि प्रत्येक पाणवठ्यावर गिऱ्हा.

आता एक उदाहरण बुरोंडीचंच. मी सध्या लिहीत असलेल्या कथेत एका मुंबईकरांचं बंद घर फुटतं. दिवस नवरात्रातल्या अष्टमीचा. मालकाचा पुतण्या सांगतो, “संध्याकाळी सहाला मी खडपावर कालवं काढत होतो.” वाचक लगेच अडतो, नवरात्रात कालवं? तो उपासतापासाचा विचार करत बसतो. तो चकवा मीच ठेवलेला. खरा धागा त्याच वाक्यात उघडा पडलाय. आपल्याकडच्या जुन्या माणसांचा हिशोब आठवा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. आठ पाऊणे सहा. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि कालवांचं खडप पाण्याखाली. मग हा कालवं काढत होता तरी कुठे?

अशी कथा शेवटाकडून रचावी लागते. आधी खरं काय घडलं ते तासातासाने लिहून काढायचं, मग कोणाला त्यातलं किती माहीत आहे ते ठरवायचं, आणि नंतर पहिलं पान. ॲगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम केलं. तिथे झालेली विषांची ओळख तिच्या 1920 सालच्या पहिल्या कादंबरीत कामाला आली. तिला औषधालय मिळालं, आपल्याला भरती-ओहोटी, एस.टी.च्या वेळा आणि कोणाच्या घरी कोण कधी येतं-जातं याची खडान्‌खडा माहिती!

पण मला या लेखनाने धरून ठेवलं ते वेगळ्याच कारणासाठी. माझ्या कथेत घर फुटल्यावर गाव पहिलं बोट दाखवतं ते बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गड्याकडे. पुरावा काहीच नाही. तो परका आहे, एवढंच. हे फक्त कथेत होत नाही. वर्गात काही हरवलं की सगळे ठरावीक मुलाकडेच बघतात. ऑफिसात प्रोग्रॅम बंद पडला की नव्याने लागलेल्या पोराचं नाव आधी निघतं. मग शांतपणे लॉग उघडावा लागतो, कुठल्या मिनिटाला काय झालं ते ओळीने वाचावं लागतं, आणि बहुतेक वेळा दोष दुसरीकडेच निघतो.

रहस्यकथा हेच शिकवते. पुतण्या खोटं बोलला, एवढ्याने तोही चोर ठरत नाही. खोटं बोलायला माणसाला इतरही कारणं असतात. तपास तिथून सुरू होतो, संपत नाही. पुरावा उभा राहीपर्यंत संशयाला संशयच म्हणायचं, ही शिस्त लेखकाला पाळावी लागते. गावात राहणाऱ्याने पाळली तर एखाद्या गरिबाची अब्रू वाचते.

गुरुजनहो, गणितात “उत्तर बरोबर आहे, पण रीत कुठे?” असं विचारून तुम्ही अर्धे गुण कापायचात. रहस्यकथेचा वाचकही तेच करतो.

आणि गावात राहिलेल्या मित्रांनो, वारा, मासळी, वाटा यांची जी माहिती तुमच्याकडे आहे, ती मला पुण्यात मिळत नाही. जेवणानंतर मी वही घेऊन बसणार आहे. सांगा मात्र खरं. भरतीची वेळ मी तपासते!