दाखल्यावरील १ जून आणि संशोधनाची सामग्री



शाळेतील एखादा अडचणीचा प्रश्न घेऊन लहानसे कृतिसंशोधन करण्याची प्रथा प्राथमिक शिक्षकांत रूढ झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि अशा अहवालांत पुष्कळदा आकडे दिलेले असतात, परंतु ते कोठून आले, कोणी मोजले व कोणत्या दिवशी मोजले, ह्याचा पत्ता लागत नाही. प्रस्तुत विवेचन ह्या पत्त्याविषयी आहे.

संशोधकाने स्वतः पाहून, मोजून किंवा विचारून मिळविलेली ती प्राथमिक सामग्री. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या हेतूने, आधीच नोंदवून ठेवलेली ती दुय्यम सामग्री. 'दुय्यम' हा शब्द येथे थोडा फसवा आहे. त्यावरून ती सामग्री हलक्या प्रतीची असा समज होतो. वस्तुतः ती दुसऱ्याच्या हातून आलेली, एवढाच त्याचा अर्थ.

ह्या दोहोंची सांगड कशी घालावी ह्याचे उत्तम उदाहरण पुण्याजवळच आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी पिंपळे सौदागर ह्या गावाची पाहणी केली व ती १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज हे गाव पिंपरी-चिंचवड शहराचा भाग झाले आहे. त्या काळी ते शेतकऱ्यांचे खेडे होते. गावात १५६ जमीनमालक आणि जमिनीचे तुकडे मात्र ७२९, त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान, ही स्थिती त्या पाहणीत उघड झाली. परंतु ही स्थिती पूर्वीपासूनच होती की पुढे आली? त्याचे उत्तर शेतात उभे राहून मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी जुने आकडे हवे होते. १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर होती आणि १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली होती, हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावरच तुकडेकरणाचा वेग ध्यानात आला. १७७१ सालच्या माणसास प्रश्न विचारणे कोणासही शक्य नव्हते. तो आकडा उरला, कारण त्या काळी कोणीतरी नोंद केली होती.

शिक्षकाचा ह्या विषयाशी खरा संबंध येथे येतो. संशोधकाला जी सामग्री दुय्यम म्हणून मिळते, ती कोणाच्या तरी हातून प्रथम लिहिली गेलेली असते. खेड्यात तो हात पुष्कळदा शिक्षकाचा असतो. जनरल रजिस्टर, हजेरीपट, शाळा सोडल्याचा दाखला, जनगणनेची अनुसूची, ही सारी त्याचीच अक्षरे.

महाराष्ट्रात मोठ्या संख्येने लोकांची जन्मतारीख १ जून आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. आईबापांस तारीख सांगता येत नसे, शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई, आणि प्रवेशासाठी वय पुरे भरले पाहिजे. मग गुरुजी हिशेब करून १ जून लिहून टाकीत. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. मुलाला शाळेत घ्यावयाचे होते, तेव्हा ह्या युक्तीला नावे ठेवण्याचेही कारण नाही. परंतु नोंद एकदा झाली की ती कोणत्या अडचणीतून झाली हे रजिस्टर सांगत नाही. पुढे कोणी वयानुसार मुलांची उंची तपासू लागला तर ज्या मुलाचे वय वर्षभर अधिक लिहिलेले आहे तो खुरटलेला ठरतो, आणि वर्गात मंद ठरण्याचाही संभव असतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे मुलाचे वय ठरविताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी पाहिला जातो, हेही विसरता येत नाही. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ साली झाला व दाखले आणण्याची सवय वाढली, त्यामुळे नव्या नोंदी पुष्कळ सुधारल्या आहेत. जुनी रजिस्टरे मात्र आहेत तशीच आहेत.

जनगणनेतही हाच प्रकार दिसतो. वय विचारले असता लोक चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असे गोल आकडे सांगतात, आणि शून्य वा पाच शेवटी असलेल्या वयांची गर्दी होते. प्रगणकाने थोडे थांबून विचारले, तर ही गर्दी कमी होते. कोयनेचा भूकंप (१९६७), मोठा दुष्काळ (१९७२), किल्लारीचा भूकंप (१९९३) ह्यांच्या वेळी तुम्ही केवढे होता, एवढे विचारणे पुरे होते.

आता गैरहजेरीचा प्रश्न घ्यावा. हजेरीपट पाहिला असता दसऱ्या-दिवाळीनंतर उपस्थिती उतरते असे दिसेल. केव्हा व किती हे हजेरीपट सांगतो. का, हे तो सांगत नाही. ऊसतोडीस कोण गेले, कापूस वेचणीस कोण, धाकटे भावंड सांभाळण्यास घरी कोण राहिले, हे घरी गेल्याखेरीज कळावयाचे नाही. तेथेही प्रश्न कसा विचारला जातो ह्यावर बरेच अवलंबून असते. "मुलीला शाळेत का पाठवीत नाही?" असे गुरुजींनी दारात उभे राहून विचारले, तर आई सबब सांगणार किंवा उद्यापासून पाठविते म्हणणार. त्याऐवजी काल सकाळपासून मुलीने काय काय केले, हे विचारावे. उत्तर आईच्याच शब्दांत तेथल्या तेथे टिपून घ्यावे. संध्याकाळी आठवून लिहिलेले उत्तर पुष्कळदा शिक्षकाच्या भाषेत येते आणि त्यातला अर्थही त्याचाच असतो.

हजेरीपटाचा आकडाही एकदा डोकी मोजून ताडून पाहावा. 'असर' ही पाहणी २००५ पासून होत आहे. तीत पाहणी करणारे घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासतात आणि गावातील शाळेत जाऊन पटावर किती व त्या दिवशी हजर किती, हे पाहतात. पट व प्रत्यक्ष उपस्थिती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, ह्यात शिक्षकाने रागावण्यासारखे काही नाही.

वयाशी संबंधित पाहणी करणाऱ्या शिक्षकाने १ जूनच्या मुलांची यादी वेगळी काढावी. त्यांच्या घरी जाऊन जन्मनोंदणीचा दाखला किंवा दवाखान्याचे कार्ड आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास जन्म पेरणीच्या वेळचा की सुगीचा, कोणत्या सणाच्या मागेपुढे, २०१९ च्या महापुराच्या आधीचा की नंतरचा, असे विचारीत महिन्यापर्यंत यावे. रजिस्टरातील तारखेस हात लावू नये. ती दुरुस्ती रीतसर अर्जानेच व्हावयाची. मिळालेला महिना पाहणीच्या वहीत लिहून पुढे 'आईच्या सांगण्यावरून' असा शेरा व त्या दिवसाची तारीख घालावी. आणि एवढे करूनही महिना कळला नाही, तर तो रकाना रिकामा ठेवून 'माहीत नाही' असे स्वच्छ अक्षरांत लिहावे.