गाडी हेच घर, गाडी हेच कामाचं ठिकाण

(फर्दापूर येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेल्या चैत्रातली गोष्ट. तमाशाच्या एका फडाचे ट्रक अजिंठ्याचा घाट उतरून आपल्या फाट्यावर थांबले होते. पुढे पहूरवरून खानदेशातल्या जत्रेला जायचं होतं. पुरुष खाली उतरून चहा घेत होते. मागच्या ट्रकमध्ये गुंडाळलेल्या कनातींवर, पेट्यांच्या मधे बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक वाकून मला म्हणाली, "ताई, हितं कुठं आडोसा हाय का? रातीपास्नं पाळी आलीय, कापड बदलायचंय."

मी तिला ओळखीच्या एका घरी नेलं. वाटेत विचारलं, "गाव कोणतं तुमचं?" ती हसली. म्हणाली, "आठ म्हैनं ही गाडीच आमचं गाव." घरातल्या बाईने पाणी दिलं, मोरी दाखवली. पण पाहुणी तमाशातली आहे हे कळल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "पुन्हा असल्या बायका आणू नका." खोटं कशाला सांगू, मी त्यावर काही बोलले नाही. आज बोलायला उभी आहे ती त्यासाठीच.

फड दसऱ्याला बाहेर पडतो तो बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततो. खेळ रात्री उशिरापर्यंत चालतो. मग तंबू उतरवायचा, सामान लादायचं आणि पुढच्या गावाची वाट धरायची. झोप होते ती गाडीत. सकाळी नव्या गावात पहिला शोध पाण्याचा, दुसरा आडोशाचा. लहान लेकरू असेल तर तेही सोबत. मोठी मुलं आजीकडे. हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत मधेच फड सोडणंही अवघड. त्रास देणारा माणूस त्याच गाडीत असेल, तर बाईने उतरून जायचं कुठे?

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ साली त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. ही गोष्ट आपण त्यांच्या जिद्दीची म्हणून सांगतो. ती बाळंतपणाची रजा नसलेल्या एका कामगार बाईचीही गोष्ट आहे, हे मात्र विसरतो.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात केवळ कारखाने, खाणी आणि मळेच नव्हते. घोड्यांचे खेळ, कसरती आणि इतर प्रयोग करणाऱ्या आस्थापनांचाही त्यात स्पष्ट उल्लेख होता. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पुढे हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आला. यातलं काहीही कधी त्या ट्रकपर्यंत पोचलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरा कायदा २०१३ चा, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा. त्यात कामाचं ठिकाण म्हणजे फक्त कचेरी नाही. कामासाठी मालकाने पुरवलेलं वाहनही त्यात येतं. म्हणजे तो ट्रक कामाचं ठिकाण आहे! जिथे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. मोठ्या फडात तर शंभरावर माणसं असतात. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत तीन महिन्यांची. पण तीन महिन्यांत फड किती जिल्हे ओलांडतो! या जिल्ह्याने त्या जिल्ह्याकडे बोट दाखवायचं, हे आपण चालू देता कामा नये. पोलिसांच्या बाबतीत तर कायदा स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावीच लागते.

आता आपण काय करायचं? पाडव्याच्या सुमारास गावोगावचे पंच नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन सुपारी देतात. किती पैसे, किती वाजता खेळ, हे सगळं ठरतं. बायकांना संडास, न्हाणी, पाणी आणि रात्रभर दिवा मिळेल का, हे मात्र कोणी ठरवत नाही. फड बोलावणारं गाव आपलं आहे, यात्रा समितीतले पुरुष आपल्याच घरातले आहेत. ग्रामसभेत उठून आपण म्हणायचं, की ज्या गावात फड येईल तिथे या चार गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत. गावातल्या अंगणवाडी ताई आणि आशाताईंनी त्या दिवशी तळावर एक फेरी मारावी. पोलीस ठाण्याचा आणि स्थानिक समितीचा फोन नंबर तंबूत बायकांच्या बाजूला लावावा. याला फार पैसा लागत नाही.

लागते ती आपली तयारी. घरकाम करणारी, शेतात राबणारी, ऊसतोड करणारी बाई आपण आपली मानली. नाचून पोट भरणारी बाई मात्र अजून आपल्या मोर्चात दिसत नाही. ती येत नाही की आपण बोलावत नाही, याचा विचार प्रत्येकीने आपल्या मनाशी करावा. येत्या चैत्रात पुन्हा ट्रक थांबतील. त्या वेळी आपल्यातल्या पाच जणींनी तरी फाट्यावर माझ्यासोबत यावं, एवढंच मागणं आहे. नावं आत्ताच सांगा, मी लिहून घेते.