लाईट गेली म्हणजे बंद झाली नव्हे

 

आज बोलायचं आहे ते लाईटीबद्दल. बिलाबद्दल नाही, जिवाबद्दल. आपल्या गटांतल्या कितीतरी बायका आता कॉलेजात, वसतिगृहात, आश्रमशाळेत कामाला जातात. कोणी झाडूपोछा करतं, कोणी मेसमध्ये पोळ्या लाटतं, कोणाचा मुलगा तिथेच देखभालीच्या कामावर असतो. आमच्या ग्रामसंघातल्या अकरा बायका तालुक्याच्या ठिकाणी एका कॉलेजात कंत्राटदाराकडून कामाला लागल्या. कॉलेजचं नाव आम्ही घेणार नाही, बायका अजून तिथेच कामाला आहेत. त्याआधी यातल्या निम्म्या जणी हिवाळ्यात नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायच्या आणि बाकीच्या ऊसतोडीला गुजरातेत. त्यामुळे महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार येणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या कॉलेजात एका दुपारी लाईट गेली. वर्गातल्या ट्यूबचा होल्डर बरेच दिवस खराब होता. देखभालीवरचा पोरगा, आमच्याच एका मावशीचा मुलगा, म्हणाला, लाईट गेलीच आहे तर उरकून घेतो. ऍल्युमिनियमची शिडी लावली, वर चढला, होल्डर सोडला, उघड्या तारा हातात घेतल्या. आणि लाईट आली.

तो वाचला. हात भाजला, शिडीवरून पडून पाय मोडला, तीन महिने घरी बसला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की लाईट जाणं आणि लाईट बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलेली लाईट कधी येईल ते आपल्या हातात नसतं. बंद केलेली लाईट आपण चालू करेपर्यंत येत नाही. बोलताना आपण सगळेच गल्लत करतो. घरात पंख्याची तार जोडतानाही म्हणतो, जोडून टाक, लाईट नाहीये.

बरं, भिंतीवरचं बटण बंद केलं तरी पुरतं का? नाही. बटण फक्त एक तार तोडतं, आणि वायरिंग करणाऱ्याने चुकून फेजऐवजी न्यूट्रल तार बटणातून नेली असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. म्हणून बंद करायचं ते मेन बोर्डावरून. कॉलेजात तर आणखी एक भानगड असते. कंप्युटरच्या खोलीला आणि ऑफिसला इन्व्हर्टर असतो, कुठे जनरेटर असतो, आता छतावर सोलरही आलं. बाहेरची लाईट गेली तरी या तारांत वीज खेळत असते. त्या बंद आहेत की नाही हे वायरमनने टेस्टर लावून पाहायचं असतं. तेही कसं? आधी जिथे वीज आहे हे नक्की माहीत आहे तिथे टेस्टर लावून तो पेटतो का बघायचं, मग कामाच्या तारेला लावायचा, मग पुन्हा चालू ठिकाणी. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो पेटत नाही आणि आपण समजतो वीज नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे वायरमनचं काम, आम्हाला कशाला? कशाला ते ऐका.

त्याच कॉलेजात व्हरांड्यात पाण्याचा कूलर आहे. बायकांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "तो कूलर जरा चावतो, चप्पल घालून पाणी प्या." पोरी हसत हसत एकमेकींना सांगायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच त्यात काही वाटत नव्हतं! जुलै महिना, बाहेर पाऊस, फरशी ओली. आमची एक ताई कूलरखाली पोछा मारत होती. पायांत चप्पल नव्हती, कारण पुसलेल्या फरशीवर चप्पल घालून फिरलं की ओरडा बसतो. उठताना आधाराला हात कूलरच्या स्टीलवर टेकला आणि ती भिंतीवर जाऊन आदळली. डोक्याला तीन टाके पडले. ती मागे फेकली गेली म्हणून वाचली. हात चिकटून राहिला असता तर आज हे बोलणं वेगळं झालं असतं.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. जुना साठचा पिवळा बल्ब पेटायला साधारण पाव अँपिअर प्रवाह लागतो. त्याच्या आठव्या हिश्श्याएवढा प्रवाह छातीतून काही क्षण गेला तरी जिवावर बेतू शकतं. अंग ओलं, पाय अनवाणी, फरशी ओली, म्हणजे विजेला अंगातून जमिनीत जायला वाट मोकळी. पोछा मारणारी बाई दिवसभर नेमकी अशीच असते. देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांवर माणसं मरतात, आणि त्यातली बरीचशी खांबावर चढलेली नसतात.

"पण बोर्डात तर नवीन एमसीबी आहेत," असं आम्हाला तिथे सांगण्यात आलं. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. फ्यूज असो नाहीतर एमसीबी, ते तार जळू नये म्हणून असतात. सहा अँपिअरची एमसीबी सहाच्या वर प्रवाह गेला तर पडते. माणूस मरतो त्याच्या दोनशेव्या भागात, एमसीबीला ते कळतही नाही. माणसासाठी वेगळं यंत्र असतं, त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ते सारखं मोजत असतं. तीस मिलिअँपिअर कमी परत आली, म्हणजे कुठेतरी गळाली, की ते पापणी लवायच्या आत वीज तोडतं. त्यावर टी अक्षराचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर वीज गेली तर यंत्र जिवंत आहे. मात्र दोन्ही तारा दोन हातांत धरल्या तर तेही वाचवू शकत नाही, कारण त्याला वाटतं बल्बच लागला आहे.

आणि अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधली जाड, लांब पिन त्यासाठीच असते. तिन्ही पिना बसत नाहीत म्हणून ती तोडणं, किंवा उघड्या तारा सॉकेटात काडीने खोचणं, हे आपण सगळ्यांनी केलेलं आहे, आम्हीही केलंय. कूलरचंही तेच झालं होतं. प्लग तुटला म्हणून कोणीतरी दोनच तारा जोडल्या होत्या, तिसरी मोकळी लोंबत होती. शिवाय अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून केलेला असला तरी आपल्याकडे मे महिन्यात जमीन तडकते, खड्डा कोरडा पडतो आणि वीज जमिनीत जाईनाशी होते. उन्हाळ्यात तिथे पाणी घालावं लागतं.

ताईला टाके पडले त्या आठवड्यात गटाची बैठक झाली आणि भांडण झालं. खोटं कशाला सांगायचं. काही जणी म्हणाल्या, लेखी अर्ज देऊ. काही म्हणाल्या, अर्ज दिला की कंत्राटदार उद्यापासून येऊ नका म्हणेल, पथारीवर परत जायचं का? एक काकी तर म्हणाल्या, कूलरला हात लावायचाच नाही, झालं. त्यांचं चुकलं असं आम्हाला वाटत नाही. दोन मुलं शिकवणारी बाई असंच म्हणणार. शेवटी ज्याचा पाय मोडला होता त्याची आई बोलली. म्हणाली, "माझ्या पोराने एकट्याने नाही म्हटलं असतं तर त्याला काढलं असतं. अकरा जणींना एकदम कोण काढेल?"

अर्ज दिला. त्यावर अकरा सह्या होत्या, त्यात चार अंगठे. मागण्या मोठ्या नव्हत्या. कूलर दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा आणि त्याला व मेसच्या लाईनला आरसीसीबी लावा. विजेचं काम परवानाधारक वायरमनच करील, सफाईच्या बाईला किंवा शिपायाला सांगायचं नाही. आणि दुरुस्ती चालू असेल तेव्हा मेन बोर्डाला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. कुलपाला पाटी लावायची असं ठरत होतं, पण आमच्यातल्या निम्म्या जणी पावरी, भिली बोलतात आणि वाचता येत नाही. म्हणून लाल कापड बांधायचं ठरलं. लाल कापड दिसलं की बोर्डाला हात लावायचा नाही, मग प्राचार्य सांगोत नाहीतर आणखी कोणी.

कोणालाही कामावरून काढलं नाही. प्राचार्यांनी कूलर त्याच दिवशी बंद केला, आरसीसीबीला दोन महिने लागले. कंत्राटदार आठवडाभर बोलत नव्हता, मग बोलायला लागला.

आता कोणाला धक्का बसलाच तर काय करायचं. पहिलं म्हणजे त्याला हात लावायचा नाही, मेन बंद करायचा. मेन सापडत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा कोरड्या बांबूने तार दूर करायची. पण हे फक्त घरातल्या लाईटीचं. बाहेर ११ हजार व्होल्टची तार पडली असेल तर जवळही जायचं नाही, १९१२ ला महावितरणला फोन करायचा. आणि एक कळकळीने सांगतो. धक्का बसलेल्या माणसाला मातीत किंवा चिखलात पुरून ठेवायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. वीज माती ओढून घेते म्हणतात. अंगात वीज साठून राहतच नाही. तार सुटली की वीज गेली, राहतं ते थांबलेलं हृदय. मातीत पुरण्यात जी मिनिटं जातात त्यातच माणूस जातो. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात, भराभर दाबायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात नेऊन हृदयाची पट्टी काढून घ्यायची. कूलरवाल्या ताईला आम्ही नेलं नव्हतं, टाके घालून घरी आणलं. ती चूक होती.

भरपाईचंही ऐका. कामावर अपघात झाला तर भरपाई मिळण्याचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून आहे, आणि तो कंत्राटी कामगारालाही आहे. पण तो माणूस त्या दिवशी कामावर होता हे दाखवावं लागतं. पोराच्या वेळी हजेरीचं रजिस्टर कंत्राटदाराकडे होतं, आमच्याकडे काहीच नव्हतं. दवाखान्याचा खर्च मिळाला, तीन महिन्यांचा पगार मिळाला नाही. तेव्हापासून आमच्या बायका स्वतःच्या वहीत रोजची हजेरी लिहितात. जिला लिहिता येत नाही तिची मुलगी लिहिते. आणि पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयापर्यंत, अपघाती मृत्यूला दोन लाख. हप्ता जूनच्या आधी खात्यातून कापला जातो, तेव्हा मे महिन्यात खात्यात पैसे आहेत ना ते पाहा. गटाच्या खात्यातून नाही बरं का, स्वतःच्या.

आमचं एक काम अजून बाकी आहे. मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधली आहे आणि तिच्यावरून हातभर अंतरावर विजेची केबल गेली आहे. वाऱ्याने ती खाली येते. तार काढून नायलॉनची दोरी बांधा, असं आम्ही दोनदा सांगितलं. परवा आमच्यातल्या दोघी जणी बाजारातून दोरी घेऊन आल्या आहेत. सोमवारी मेन बंद करून, लाल कापड बांधून, वायरमनदादांना बरोबर घेऊन आम्ही ती बांधणार आहोत.