बिनगियरच्या गाडीचा गियर

आज मी स्कुटीबद्दल बोलणार आहे. कंपनी कोणतीही असली, तरी आपल्याकडे बिनगियरच्या गाडीला सगळे स्कुटीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

आपल्या उंबरमाळी, खर्डी, कसारा भागात लोकल स्टेशनपर्यंत येते. स्टेशनपासून पाड्यापर्यंतची वाट मात्र ज्याची त्यानेच कापायची असते. स्कुटी आली आणि ही वाट बऱ्याच जणींच्या हातात आली. भाजीची पाटी, पापडाची पिशवी, बँकेचं काम, आशाताईंची फेरी, मुलांची शाळा, सगळं तिच्यावर चालतं. पण गटाचं कर्ज काढून गाडी घेतली की हप्ता ठरलेला असतो. गाडी बंद पडली की कमाई थांबते, हप्ता थांबत नाही. म्हणून हे बोलणं.

स्कुटी घेताना एक वाक्य हमखास कानावर येतं, "बायकांची गाडी, गियर नाही, काही बघावं लागत नाही." यातलं अर्धंच खरं आहे. गियर बदलावा लागत नाही हे खरं. पण गियरचं काम त्या गाडीत होतंच. ते डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखाली आपोआप होतं, म्हणून दिसत नाही. आणि दिसत नाही, म्हणून त्याची झीज आपल्याला कळत नाही.

आधी गियर कशाला लागतो ते बघू. आपल्याकडून इगतपुरीकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कसाऱ्याला मागे जादा इंजिन लावतात, हे तुम्ही पाहिलंय. थळ घाटात दर 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. सपाटीवर वेग हवा असतो, चढाला जोर हवा असतो. स्कुटीला मागे दुसरं इंजिन लावता येत नाही. तिला एकाच इंजिनातून कधी जोर, कधी वेग काढावा लागतो. वेग सोडून जोर घ्यायचा किंवा जोर सोडून वेग घ्यायचा, याचंच नाव गियर.

आता पायाचं शिवणयंत्र डोळ्यांसमोर आणा. खाली मोठं चाक, वर लहान चाक, मध्ये पट्टा. खालचं चाक एकदा फिरलं की वरचं कितीतरी वेळा फिरतं. हा झाला वेग. उलट केलं, लहान चाकाने मोठं चाक फिरवलं, तर ते हळू फिरेल पण जोरात फिरेल.

स्कुटीच्या झाकणाखाली अशाच दोन पुल्या आणि एक रबरी बेल्ट असतो. गंमत अशी, की या पुल्या लहानमोठ्या होतात. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या बशा. बशा दूर असल्या की बेल्ट त्यांच्यामध्ये खोल बसतो आणि पुली लहान होते. बशा जवळ आल्या की बेल्ट काठाकडे ढकलला जातो आणि पुली मोठी होते. पुढच्या पुलीत गोल रोलर असतात. म्हशाच्या यात्रेत साखळीचा पाळणा जोरात फिरला की बसलेला माणूस बाहेरच्या अंगाला जातो ना, तसे इंजिन जोरात फिरलं की हे रोलर बाहेर सरकतात आणि बशांना जवळ ढकलतात. पुढची पुली मोठी होते. बेल्टची लांबी तेवढीच, म्हणून मागच्या पुलीत तो आत ओढला जातो आणि ती लहान होते. निघताना जोर मिळतो, पळताना वेग मिळतो. चढ लागला, वेग पडला, की मागच्या पुलीची स्प्रिंग बेल्टला पुन्हा जोराच्या जागी आणते.

मागे क्लचही असतो. रेस दिली की त्याचे शू बाहेर फाकतात, भोवतीच्या ड्रमला घट्ट धरतात आणि चाक फिरतं. रेस सोडली की शू आत येतात, चाक सुटतं. म्हणून इंजिन चालू असतानाही गाडी उभी राहू शकते. त्याच्याही पुढे, मागच्या चाकाजवळ, तेलात बुडालेली दात्यांची चाकं असतात. म्हणजे बिनगियरच्या गाडीतही दात्यांचा गियर आहेच!

ही बेल्टची युक्ती नवी नाही. हॉलंडच्या डाफ कंपनीने 1958 साली बेल्टवर चालणारी अशी मोटारगाडी आणली होती. आपल्या देशात बटणावर चालू होणारी बिनगियरची स्कूटर आणली ती पुण्याच्या कायनेटिकने, जपानच्या होंडाला सोबत घेऊन, 1984 साली. ती कायनेटिक होंडा. क्लच दाबणं नाही, गियर पाडणं नाही, किक मारणं नाही. कितीतरी बायका त्यामुळे पहिल्यांदा गाडीवर बसल्या.

आता झीज कशी ओळखायची? पाच खुणा सांगते, लिहून घ्या.

एक, रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. बेल्ट नाहीतर क्लच घसरतोय. दोन, निघताना गाडी थरथरते, गचके देते. क्लचचे शू आणि ड्रम बघायला सांगा. तीन, झाकणातून खडखड येते. रोलर झिजून चपटे झालेले असू शकतात. चार, रबर जळल्यासारखा वास येतो. गाडी थांबवा. पाच, रेस पूर्ण सोडली तरी गाडी पुढे ओढते. ही धोक्याची खूण आहे, त्याच दिवशी दाखवा.

बेल्ट तुटलाच, तर इंजिन चालू राहील पण गाडी हलणार नाही. अशा वेळी रेस देत बसू नका, तुकडे आत गुंडाळले जातात. इंजिन बंद करा आणि गाडी ढकलत न्या.

चालवायच्या सवयींनीही बेल्ट आणि क्लच वाचतात. चढावर थांबायची वेळ आली तर ब्रेकवर थांबा. ब्रेक सोडून, नुसत्या रेसवर गाडी तोलून धरली की क्लच घासत राहतो आणि तापतो. ब्रेक दाबलेला असताना रेस पिळू नका. पुस्तकात जेवढा भार लिहिलाय तेवढाच घाला. दोन माणसं, पुढे तांदळाची गोणी, मागे भाजीची पाटी आणि वर चढ, याचा सगळा ताण त्या एका बेल्टवर येतो.

उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायची सवय काहींना आहे. स्कुटीवर हे अजिबात करू नका. इंजिन बंद झालं की क्लच सुटतो आणि सगळी गाडी फक्त ब्रेकवर राहते. कसारा असो की माळशेज, घाटात हा खेळ नको. क्लच असा आपोआप सुटणारा असल्यामुळेच स्कुटी धक्का मारून चालू होत नाही. बॅटरी उतरली तर किक मारा. आणि उतारावर उभी करताना गियरमध्ये टाकून ठेवण्याची सोय नाही, म्हणून सपाट जागा बघा आणि मोठ्या स्टँडवर लावा. इंजिन चालू ठेवून गाडीजवळ लहान मूल सोडू नका. त्याने मूठ पिळली की गाडी सुटलीच.

पावसाळ्यात मोरीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. पाण्याच्या ओढीचा जिवाला धोका आहेच, शिवाय पाणी बेल्टच्या झाकणात शिरलं की बेल्ट घसरतो आणि ऐन वेळी गाडी ओढत नाही. झाकणाला हवा घ्यायची वाट असते. गाडी धुताना जोराच्या पाण्याची नळी तिथे मारू नका.

सर्व्हिसिंगच्या वेळी तीन गोष्टी तोंडाने मागा. पहिली, झाकण उघडून बेल्ट दाखवा. कडेचे धागे निघालेत का, आतल्या बाजूला चिरा आहेत का, ते स्वतः बघा. दुसरी, आतली धूळ साफ करा आणि रोलर तपासा. तिसरी, गियर ऑइल. इंजिन ऑइल वेगळं आणि गियर ऑइल वेगळं. गियर ऑइल जेमतेम शंभर-सव्वाशे मिलीलिटर लागतं, चहाच्या एका कपाएवढं, म्हणून ते विसरलं जातं. बिलावर ते स्वतंत्र लिहिलंय का बघा. बेल्ट कुईकुई करतो म्हणून त्यावर तेल किंवा ग्रीस लावू देऊ नका. त्याने बेल्ट आणखी घसरेल.

हे सगळं पट्ट्याच्या पेट्रोल स्कुटीचं झालं. ऑटोमॅटिक चारचाकीचा गियर बहुतेक वेगळ्या रचनेचा असतो आणि त्याला त्याचंच ठरलेलं तेल लागतं. तिथे त्या गाडीचं पुस्तक बघायचं.

आता हिशोब. बऱ्याच स्कुटींच्या पुस्तकात बेल्ट वीस ते पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगितलेला असतो. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा मानायचा. समजा तो 24 हजार आहे. तुम्ही रोज 30 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस फिरता. म्हणजे महिन्याला 750 किलोमीटर. 32 महिन्यांत बेल्ट भरला. बेल्ट, रोलर आणि मजुरी मिळून सोळाशे रुपये धरले, तर महिन्याला पडले 50 रुपये. खरा भाव तुमच्या मेकॅनिकला विचारा आणि त्याला 32 ने भागा. कर्जाच्या अर्जावर गाडीची किंमत असते, विमा असतो, पण बेल्टचा रकाना नसतो. तो रकाना आपणच घालायचा. हप्त्यासोबत तेवढे पैसे बाजूला पडले, तर बेल्टच्या दिवशी कोणाकडे हात पसरावा लागणार नाही.

म्हणून या महिन्याच्या बैठकीला येताना ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी मीटरचा आकडा लिहून आणा. गटाच्या वहीचं एक पान गाड्यांसाठी ठेवा. ताईचं नाव, आजचा मीटर, बेल्ट कधी बदलला, गियर ऑइल कधी बदललं. गाडी जुनी घेतली असेल आणि बेल्टची तारीख माहीत नसेल, तर आवणीची गडबड सुरू व्हायच्या आधी झाकण उघडून घ्या. लिहिता न येणाऱ्या ताईचा आकडा शेजारणीने लिहावा. हातात गियर नाही, म्हणून झीज हाताला कळत नाही. ती कानाला कळली पाहिजे आणि वहीत दिसली पाहिजे.

गाडी जपून चालवा, हेल्मेट घाला.