गुडमार आणि मधुमेह : जिभेची साक्ष पुरेशी नाही

(चेंबूर येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



गुडमार म्हणजे आपला बेडकीचा पाला. याचे पान चावून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी लागते. पानातील जिम्नेमिक आम्ले जिभेला गोड चव काही वेळ कळू देत नाहीत. त्यावरून, हा पाला रक्तातील साखरही मारतो, असे अनेकजण धरून चालतात. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रक्तातील साखर रक्त तपासूनच कळते.

अशी तपासणी पूर्वीच सुरू झाली. कलकत्त्यात डॉ. चोप्रा व सहकाऱ्यांनी 1928 मध्ये रुग्णांना हे औषध दिले, पण साखर उतरली नाही. चेंबूरहून जवळच, परळच्या हाफकिन संस्थेतील फादर कायस यांनी डॉ. म्हसकर यांच्यासह 1930 मध्ये सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना प्राण्यांमध्ये साखर कमी झालेली आढळली. पुढे 1990 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 22 रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज 400 मिलिग्रॅम अर्क 18 ते 20 महिने दिला. त्यांपैकी पाच जणांच्या गोळ्या थांबवता आल्या. निष्कर्ष आशादायक आहे, पण 22 ही संख्या लहान आहे.

मग खात्री कशी करायची? नवीन वाणाची चाचणी आपण कशी घेतो ते आठवा. शेजारी जुन्या वाणाचा वाफा ठेवतो, कोणता वाण कोठे लावायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवतो आणि प्रत्येक वाणाचे अनेक वाफे घेतो. एकाच वाफ्यात पीक चांगले आले, तर श्रेय वाणाचे की खताचे, हे सांगता येत नाही. औषधाचेही तसेच आहे. रुग्णाने पाला सुरू केला, त्याच वेळी भात-साखर कमी करून चालायला लागला, तर साखर कशाने उतरली? म्हणून औषध घेणारा व न घेणारा असे दोन गट हवेत, आणि मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी हवी.

लागवड करणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात :

1. रोपे वा छाट कलमे खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावीत. वेलीला आधार द्यावा.

2. पानाचे वय, तोडणीचा हंगाम व वाळवण यांनुसार गुण बदलतो. पाने सावलीत वाळवावीत, तोडणीची तारीख लिहून ठेवावी आणि कीटकनाशकाचा अंश राहू देऊ नये.

3. पाला कच्चा माल म्हणून विकावा. मधुमेहाचे औषध तयार करून विकायला परवाना लागतो.

घरात मधुमेही असेल तर पाल्याच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नये. इन्सुलिन अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते. गोळ्यांबरोबर पाला घेतल्यास साखर फार खाली जाण्याचाही धोका असतो. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणे. पाला घ्यायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे आणि रक्त तपासत राहावे.