पोशाखावरून नव्हे, शेवटावरून : चित्रपटांचे प्रकार कसे ओळखावेत?

(नाशिक येथे चित्रपटरसिक व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



नाशिकमध्ये चित्रपटाविषयी बोलायला उभे राहायचे, तर पहिला नमस्कार दादासाहेब फाळके यांना करावा लागतो. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या पुरुषाने ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे ठेवला आणि त्याच वर्षी आपला सारा संसार व कारखाना नाशकात आणला. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी येथेच उभी राहिली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी देह ठेवला, तोही याच नगरीत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले त्यांचे स्मारक आपण सर्वांनी पाहिले आहे. चित्रपट कसा बनवावा हे या भूमीने देशाला शिकवले. तो कसा पाहावा, याचाही विचार येथेच व्हावा, हे उचित होय.

आज मोबाइलवर वा दूरचित्रवाणीवर चित्रपट निवडताना त्याच्या नावाखाली एक चिठ्ठी दिसते : ‘थ्रिलर’, ‘ड्रामा’, ‘ॲक्शन’. ही चिठ्ठी आपल्याला काय वाटेल ते सांगते. भीती वाटेल, उत्कंठा वाटेल, रडू येईल. आपल्या जुन्या मराठी प्रेक्षकाची वाटणी निराळी होती. पौराणिक, संतपट, ऐतिहासिक, सामाजिक, तमाशापट, विनोदी, अशी त्याची नावे. ही नावे चित्रपट कशाविषयी बोलतो आणि कोणत्या जातीचे सत्य सांगतो, ते सांगत. माझ्या मते घरातल्या मुलांना आधी ही दुसरी वाटणी समजावी. त्याचे कारण पुढे येईलच.

प्रकार ओळखताना बहुतेकांची फसगत पोशाखामुळे होते. मुकुट दिसला की पौराणिक, जिरेटोप दिसला की ऐतिहासिक, नऊवारी आणि ढोलकी आली की तमाशापट! पोशाख हे केवळ बाहेरचे आवरण आहे. मी एक साधी कसोटी सुचवतो. कथेतला पेच शेवटी कोण सोडवतो, ते पाहावे.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये राजाची सत्त्वपरीक्षा होते आणि शेवटी देव प्रकट होऊन गेलेले सर्व परत देतात. पेच दैवी हस्तक्षेपाने सुटतो, कारण कथा सनातन मूल्याची आहे. ती अमुक साली अमुक गावी घडली असा तिचा दावाच नाही. ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्यांचा राम पडद्यावर आला की प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवत, अशी आठवण सांगितली जाते. त्या प्रेक्षकाला भोळा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपण कोणत्या प्रकारच्या कथेपुढे बसलो आहोत, हे त्याला अचूक कळले होते. देवळात जाताना माणूस पुराव्याचे कागद मागत नाही.

आता १९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. विष्णुपंत पागनीस यांची ती भूमिका आणि दामले-फत्तेलाल यांचे ते दिग्दर्शन. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तुकोबा ऐतिहासिक पुरुष, देहू हे खरे गाव, आणि चित्रपटात शिवाजी महाराजही येतात. मग हा ऐतिहासिक चित्रपट म्हणावा काय? नाही. महाराजांना पकडायला शत्रूचे सैनिक येतात, तेव्हा कीर्तनाला बसलेला जो तो त्यांना शिवाजीच दिसू लागतो. येथे पेच भक्तीने सुटतो. काळ इतिहासाचा, पण सत्य श्रद्धेचे. हेच संतपटाचे लक्षण. एका जिरेटोपाने प्रकार बदलत नाही, तो असा.

सामाजिक चित्रपटात देव मदतीला येत नाही. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ पाहा. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि त्याला पोटासाठी शहराची वाट धरावी लागते. वरदान नाही, उःशाप नाही. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये वृद्धाशी लावून दिलेले लग्न नीरा मान्यच करीत नाही. शांता आपटे यांची ती नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब आजही अंगावर येतात. येथे पेच माणसालाच सोडवावा लागतो, आणि तो पुरता सुटला नाही तर उरलेला भाग प्रेक्षक आपल्याबरोबर घरी घेऊन जातो. सामाजिक चित्रपटाचे यश त्यातच असते.

विनोदी चित्रपटात पेच हा बहुधा गैरसमजाचा असतो; तो उलगडला की सारे हसत एकत्र येतात. तमाशापटाचे मात्र नीट पाहावे लागते. १९७२ चा ‘पिंजरा’ ढोलकी-घुंगरांनी भरलेला आहे, परंतु त्याचा गाभा एका आदर्श शिक्षकाच्या अधःपतनाचा आहे. तमाशाच्या वेशातली ती शोकांतिका आहे. काही चित्रपट तर उघडपणे मिश्र असतात. परेश मोकाशी यांचा २००९ चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ फाळक्यांचे चरित्र सांगतो, पण हसत हसत. अशा वेळी दोन्ही नावे द्यावीत; मात्र मूळ धागा कोणता, ते आपल्या मनाशी ठरवावे.

आता मी मुद्दाम मागे ठेवलेल्या प्रकाराकडे येतो. तो म्हणजे ऐतिहासिक. येथे पेच कागदाने बांधलेला असतो. १६७० मध्ये सिंहगड आला आणि तानाजी मालुसरे पडले; हे कोणताही लेखक बदलू शकत नाही. शेवट ठरलेला असल्यामुळे कल्पनेला मोकळीक मिळते ती मधल्या जागेत. बाबूराव पेंटर यांचा १९२३ चा ‘सिंहगड’ हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला होता. त्या कादंबरीतली कमलकुमारी ही कादंबरीकाराची, घोरपडीची कथा घराघरांत नेली ती पोवाड्यांनी, आणि तानाजींचे बलिदान इतिहासाचे. तिन्ही गोष्टी आपल्या मनात एकत्र नांदतात. नांदू द्याव्यात, पण कोणती कुठून आली, हे ठाऊक असावे.

हे ठाऊक नसले तर काय होते? छत्रपती संभाजी महाराजांचे उदाहरण घ्या. १९४१ साली ‘थोरातांची कमळा’ आला. तो संभाजी महाराज आणि कमळा यांची प्रेमकथा सांगणारा होता. भालजी पेंढारकर यांच्या शिवभक्तीविषयी शंका घेण्याचे कारणच नाही; पुढे १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ त्यांनीच केला. पण ऐतिहासिक पोशाखातली ती प्रेमकथा अनेकांनी इतिहास म्हणून मनात साठवली. नाटक-कादंबऱ्यांनी तीच प्रतिमा गडद केली आणि औरंगजेबाशी नऊ वर्षे झुंजलेला राजा लोकमानसात दुय्यम ठरला. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे अस्सल कागद धुंडाळून १९६० साली चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते पुट उतरू लागले. प्रकार न ओळखण्याची किंमत एका छत्रपतींच्या स्मृतीला मोजावी लागली!

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की हीच कसोटी आपल्याला प्रिय असलेल्या चित्रपटांनाही लावावी. २०२५ साली ‘छावा’ पाहून प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडले. ते अश्रू खरेच होते. पण तो चित्रपट शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. म्हणजे आधी इतिहास, त्यावर कादंबरी, तिच्यावर चित्रपट, असे तीन थर झाले. गौरवाची कथाही कथाच असते. नावडत्या चित्रपटाकडे पुरावा मागायचा आणि आवडत्याला तशीच वाट द्यायची, हा विवेक नव्हे. आपण उद्या चुकीच्या चित्रणाला आक्षेप घेऊ, तेव्हा आपल्या शब्दाला वजन असावे, असे वाटत असेल तर आजच तराजू सरळ धरला पाहिजे.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट. चित्रपटाच्या आरंभी दिसणारे सेन्सॉरचे प्रमाणपत्र, आणि २०२४ पासून आलेले यूए ७+, १३+, १६+ हे वर्ग, फक्त वयाविषयी सांगतात. चित्रपटातले किती खरे, याची हमी त्यात नसते. आरंभीची ‘कथेसाठी स्वातंत्र्य घेतले आहे’ ही पाटी झरकन सरकून जाते. ती थांबवून मुलांना मोठ्याने वाचायला सांगा.

आणि चित्रपट संपल्यावर, जेवणाच्या पंगतीत, तीन प्रश्न विचारा. पेच कोणी सोडवला : देवाने, भक्तीने, माणसाने की इतिहासाने? यातले कोणते पात्र लेखकाने निर्माण केले असेल? आणि खरे काय घडले ते पाहायला कोणते पुस्तक उघडावे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरात नसेल, तर १८४० पासून ग्रंथ जपणारे सार्वजनिक वाचनालय आपल्या नाशकातच आहे. मुलांना घेऊन तेथे जा. पडद्याने जागवलेले कुतूहल पुस्तकापर्यंत पोहोचले, तर तो चित्रपट खऱ्या अर्थाने पाहिला असे म्हणता येईल.