नववीच्या वर्गातली इंग्रजी



इंग्रजी शिक्षकांच्या संमेलनात अध्यक्षीय भाषण मराठीत कसे, अशी कुजबुज सकाळपासून माझ्या कानावर येते आहे. अहो, स्टाफरूममध्ये आपण मराठीतच बोलतो आणि तासालाही बराच वेळ मराठीच बोलतो. फक्त तपासणीला साहेब आले की ती एकदम बंद होते. आज इथे तपासणी नाही, तेव्हा मोकळेपणाने बोलू.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ती पाचवीपासून सुरू व्हायची. म्हणजे आज नववीत येणारे मूल आठ वर्षे इंग्रजी शिकून आलेले असते. हा झाला कागदोपत्री हिशेब. जूनमध्ये नववीच्या मुलांना पुस्तक उघडायला सांगा आणि एकेकाला चार ओळी वाचायला लावा. कुणी सफाईने वाचतो, कुणी अक्षर अक्षर जुळवतो, तर कुणी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत नुसते ओठ हलवतो. या साऱ्यांना एकाच तासाला एकच धडा शिकवायचा असतो. २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशातल्या निवडक जिल्ह्यांमधल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. उरलेली मुले कुठे आहेत, हे या सभागृहात कुणाला विचारावे लागणार नाही.

अशा वेळी हायस्कूलवाले प्राथमिकच्या गुरुजींकडे बोट दाखवतात आणि ज्युनिअर कॉलेजवाले हायस्कूलकडे. आठवीपर्यंत नापास करायचे नाही, या पूर्वीच्या नियमाच्या नावानेही बोटे मोडून होतात. मूल मात्र तिथेच बाकावर बसलेले असते. ते आपल्या पटावर आहे, तेव्हा त्याला वाचायला शिकवणे हे आपलेच काम आहे, मग ते दुसरीचे काम का असेना.

आता त्याच्या चुकांकडे जरा प्रेमाने बघू. ‘डिड यू वेंट’ हे आपण सगळ्यांनी लाल शाईने खोडलेले वाक्य. मराठीत प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की झाले, क्रियापद जागचे हलत नाही. इंग्रजी मात्र कुठून तरी ‘डू’ आणते, भूतकाळ त्याच्या गळ्यात बांधते आणि मूळ क्रियापदाला पुन्हा वर्तमानात पाठवते. गोष्ट कालची आहे, तर दोन्ही ठिकाणी भूतकाळ हवा, असे मुलाला वाटते. त्याचा तर्क इंग्रजीपेक्षा सरळ आहे! तीच गत ‘एस’ची. करतो, करतोस, करते, करतात अशी पुरुषागणिक बदलणारी क्रियापदे त्याच्या अंगवळणी पडलेली. इंग्रजीत सगळीकडे एकच रूप आणि फक्त ‘ही’, ‘शी’ आणि ‘इट’पुढे शेपूट, हे त्याच्या गळी उतरत नाही. फळ्यावर मराठी आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी लिहा आणि हा फरक चक्क मराठीत समजावून सांगा. दहा मिनिटांत पोरांचे चेहरे उजळतात. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द निघता कामा नये हा दंडक ज्यांनी घातला, त्यांनी साठ मुलांचा वर्ग एक वर्ष घेऊन पाहावा.

इंग्रजी ही ‘तृतीय भाषा’ असे आपले वेळापत्रक सांगते. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, सातपुड्यातल्या पावरा मुलीला किंवा गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या पोराला विचारा. घरची बोली एक, शाळेची मराठी दुसरी, हिंदी तिसरी आणि इंग्रजी चौथी. या मुलांचे मराठीच अडखळते, असे म्हणून आपण मोकळे होतो. खरे तर एवढ्या भाषांमधून वाट काढणारे मूल भाषेच्या बाबतीत आपल्यापेक्षा तयारीचे असते.

आणि ऊसतोडीचे काय करायचे? दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातल्या कितीतरी गावांमधून गाड्या भरून माणसे निघतात. नववीतली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि कोपीवर भाकरी थापायला सोबत जाते. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर ती परत येते, तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. हजेरीपटाच्या दोन रकान्यांच्या मधे ही मुलगी कुठेतरी असते. तिच्यासाठी शिक्षकाने काय करावे, हे प्रशिक्षणाच्या एकाही मॉड्यूलमध्ये मी वाचलेले नाही.

एक साधा हिशेब मांडतो. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरी आणि गडबड धरून पाच मिनिटे जातात. उरली तीस. साठ मुलांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. त्यातही ‘सर, बीएलओची यादी’ म्हणत मतदार यादीचे काम घेऊन शिपाई दारात उभा. बोलल्याशिवाय भाषा येत नाही, आणि अर्ध्या मिनिटात बोलणे होत नाही. यावर वाट दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. बेंगळुरूच्या इंग्रजी अध्यापन प्रकल्पात १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे असली सामग्री देऊन मुलांना इंग्रजीतून विचार करायला लावले. कामात गुंतले की भाषा मागून येते, हा त्यांचा विश्वास. एसटीचे वेळापत्रक तर आपल्या प्रत्येक गावात आहे.

आता थोडे कडू बोलतो. दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी. २०१८-१९ मध्ये भाषांचे हे अंतर्गत तोंडी गुण काढून टाकले आणि २०१९ ला दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी गुण परत आले. अभ्यासक्रमही तेव्हा बदलला होता, हे मान्य. पण ते २० गुण म्हणजे मुलांच्या बोलण्याची परीक्षा नसून निकालाला लावलेला टेकू होता, हे त्या वर्षी उघडे पडले. चार वाक्ये न बोलता १८ गुण मिळतात, हे मुलाला आठवीतच कळते. मग त्याने बोलावे कशाला?

म्हणून या व्यासपीठावरून मंडळाकडे आणि शिक्षण खात्याकडे माझी मागणी आहे : आठवड्यातले दोन तास इंग्रजीचा वर्ग अर्धा अर्धा करून घेऊ द्या, आणि नववीचा पहिला महिना पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून केवळ वाचनाला द्या. आणि तुम्हाला, मित्रहो, एक विनंती. येत्या तोंडी परीक्षेत प्रत्येक मुलाला समोर बसवा, त्याला खरेच बोलते करा आणि जेवढे तो बोलेल तेवढेच गुण द्या.